माटोळी स्कूटरवरून आली

परवा शाळा सुटल्यावर लॅपटॉप घेऊन एका दुकानात गेले होते. तक्रार एवढीच, की सुरू व्हायला दहा मिनिटं घेतो. काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडायचीही तसदी घेतली नाही. खाली चिकटवलेला कागद वाचला आणि म्हणाला, "टीचर, हें आतां स्क्रॅप." पाठोपाठ हप्त्यांचं पत्रक. "तुमका नव्याची गरज आसा."

माझी गरज याला कशी कळली? मी प्रश्नपत्रिका टाइप करते, गुणांचे तक्ते करते, रात्री भाजी चिरताना एखादं कीर्तन लावते. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि माझ्या २०१७ च्या मशीनचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. असल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नयेत, हेही मान्य. पण म्हणून चांगला पडदा, चांगला कीबोर्ड, सगळंच भंगारात?

तणतणत घरी येत होते, तर देवळाकडे दादाची गाडी उभी. मग डोकं आणखीच फिरलं.

आमच्या वाड्यावरच्यांना ही गोष्ट पाठ आहे, बाकीच्यांसाठी सांगते. गेल्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दादाने मोठी गाडी घेतली. उंच, काळी, सात सीटची. घरात माणसं चार. विचारलं तर म्हणाला, "गरज आहे गं, चवथीला सगळे एकत्र जाऊ-येऊ शकतो, सामान आणता येतं." गाडी रुंदीला सहा फूट, आरसे वेगळे. आमची पाणंद सात फूट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, आणि मध्ये ते काटकोनी वळण. पहिल्या दिवशी वळणावर डावा आरसा गडग्याला घासला. तेव्हापासून गाडी देवळाकडे आणि दादा छत्री घेऊन चालत घरी.

माटोळी म्हणजे आमच्या गोव्यात चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची आरास. तिचं सामान कशावरून आलं? माझ्या स्कूटरवरून. साखळीच्या बाजारातून तीन खेपा. पायांमध्ये नारळाचा घड, मागे सुपारीचा शिपटो, म्हणजे घोस, बांधलेला, हँडलला कांगलां (रानफळं) आणि आंबाड्यांची पिशवी, वरून पाऊस. गाडीत ठेवलं असतं तरी देवळाकडून ते डोक्यावरूनच आणायचं होतं ना!

(आणि हो, त्याने गाडी घेतल्यावर थोड्याच दिवसांत, २२ सप्टेंबर २०२५ ला, गाड्यांवरचा कर उतरला. हा विषय आमच्या घरात काढायचा नसतो.)

त्याच घरात माझा भाचा. अकरावी कॉमर्स. त्याला गेमिंगचा लॅपटॉप हवा होता, पण मागताना शब्द कुठला? गरज. "आत्ये, सोळा जीबी रॅम लागतेच." कशाला लागते रे, जमाखर्च मांडायला? लाखाच्या वर गेला तो. कीबोर्डखाली चतुर्थीच्या मखरासारखे दिवे लागतात, आणि चार्जरसकट वजन एवढं की पोरगा तो कॉलेजला नेतच नाही. बापाची गाडी घरापर्यंत येत नाही, मुलाचा लॅपटॉप घराबाहेर जात नाही.

पर्रीकरांच्या वेळी सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांच्या घरी कॉम्प्युटर आले होते, आठवतं? आमच्या शेजारी एक आला. क्रोशाचं विणलेलं कापड घालून ठेवायचे. वाड्यावरची चार पोरं त्यावर पाळीपाळीने शिकली.

उगाच कुणी सुरू होऊ नका, की टीचर, सगळ्यांनी बैलगाडीतून फिरायचं का. संध्याकाळनंतर आमच्या बाजूला बस मिळत नाही, गाडी लागते. एअरबॅग लागतात. मान्य. पण अख्खा गोवा उभा मोजला तरी शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्यात डोंगर चढायच्या ताकदीची गाडी घेऊन आपण म्हापशाच्या बाजारात जागा शोधत फेऱ्या मारतो.

मला राग गाडीचा नाही, 'गरज' या शब्दाचा येतो. पूर्वी माणसं सरळ म्हणायची, हौस म्हणून घेतलं. कर्ज काढून चवथीला शोभेचं दारूकाम करणारा कोणीही 'गरज होती' म्हणत नसे. आता हौस म्हणायची लाज वाटते आणि हप्ते भरायची वाटत नाही.

हे लिहिता लिहिता टेबलाचा खण उघडला. आत माझा टॅब्लेट. लॉकडाऊनमध्ये 'शाळेसाठी' घेतलेला. चार वेळा वापरला असेन. त्यावर चित्रं काढायची होती मला. तेव्हा हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज इथे सांगते.

आणि दादाचंही एक सांगायला हवं. वहिनीने मला खूप नंतर सांगितलं. मावसबहिणीच्या लग्नाला तो जुनी छोटी गाडी घेऊन गेला होता. हॉलच्या दारात वॉचमनने मागच्या मोठ्या गाडीला आत घेतलं आणि याला हात केला, "ती फाटल्यान दवर." म्हणजे मागे ठेव, जनरेटरकडे. दादा हसला म्हणे. लग्नात जेवला मात्र नाही. आता देवळाकडे गाडी पुसताना बघते तेव्हा ते आठवतं, आणि मी आरशाच्या ओरखड्याबद्दल बोलत नाही. निदान रोज नाही.

लॅपटॉप शेवटी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेला. त्याने पाठ उघडली, तर पंख्यावर धुळीचा नमदा आणि कोपऱ्यात मेलेल्या मुंग्यांची रांग. ब्रशने सगळं झाडलं, हार्ड डिस्क काढून तिच्याहून वेगवान एसएसडी घातली, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. अर्ध्या मिनिटात सुरू होतो. मराठी टायपिंगची एक-दोन जोडाक्षरं अजून रुसून बसली आहेत, ती बघू. ही पोस्ट त्याच 'स्क्रॅप'वरून लिहितेय.

दादा, तू हे वाचणारच. उद्या आईच्या डोळ्यांची बांबोळीच्या इस्पितळात तारीख आहे, तिला स्कूटरवर बसवत नाही. सकाळी सातला निघू. गाडी देवळाकडेच ठेव, मी तिला हात धरून आणते.