बॉनी बेनेटचं कौतुक कसं करावं

परवा मावसबहिणीकडे मुक्कामाला होते. तिने ‘द व्हँपायर डायरीज’ ही अमेरिकन मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली आहे, त्यामुळे जेवणं उरकून आम्ही दोघी सोफ्यावर. एलेना नायिका, तिच्यावर जीव टाकणारे स्टीफन नि डेमन हे दोन व्हँपायर भाऊ, आणि बॉनी तिची चेटकीण मैत्रीण. पण बॉनी पडद्यावर आली की बाईसाहेबांचा अंगठा रिमोटवर. दहा सेकंद पुढे. परत दहा सेकंद पुढे. ‘हिचं काय, मेणबत्त्या नि मंत्र. डेमन येऊ दे.’ आणि जरा वेळाने मलाच प्रश्न, ‘अगं, पण जेरेमीला गोळी लागली होती ना? हा उठून बसला कसा?’

अगं माझे आई, बॉनीनेच उठवलं त्याला, तेच तर तू पुढे ढकललंस!

कहर म्हणजे झोपायच्या आधी ती म्हणाली, ‘मला बॉनी जाम आवडते हं. अंडररेटेड आहे बिचारी.’ मी गप्प बसले, कारण अंथरूण तिच्या घरचं होतं. पण तेव्हा लक्षात आलं की सहायक पात्राचं कौतुक करण्याची एक पद्धत असते आणि जगाला ती ठाऊक आहे. तुम्हाला नसेल, तर घ्या शिकून.

सुरुवात ‘बिचारी’ या शब्दाने करावी. एकदा बिचारी म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

बॉनीला घरातल्या गॅस सिलिंडरसारखं वागवावं. चालू आहे तोवर आठवण काढायची नाही, संपला की ‘आत्ताच कसा संपला’ म्हणून डाफरायचं. मैत्रीण कॅरोलाइन व्हँपायर झाली आणि तिला दिवसाउजेडी न जळता हिंडायचंय? बॉनीला बोलवा, अंगठी मंतरून घ्या. क्लाउस या खलनायकाला हरवायचंय? शंभर मेलेल्या चेटकिणींची ताकद बॉनीच्या अंगात भरा. तिच्या जिवावर बेतेल म्हणता? बघू की. तसं पाहिलं तर स्टीफन आणि डेमन मिस्टिक फॉल्स गावात टकाटक उन्हात फिरतात तेही बेनेट घराण्याच्या कृपेने. त्या अंगठ्या 1864 मध्ये एमिली बेनेटने करून दिलेल्या, आणि एमिली कोण, तर दोघा भावांची जुनी प्रेयसी कॅथरीन, तिची दासी. म्हणजे घराण्याची परंपराच आहे, त्यात आपण कशाला बदल करा?

नाकातून रक्त आलं तर रुमाल देऊ नये. रक्त आलं म्हणजे मंत्र लागू पडला.

तिच्या बॉयफ्रेंडने, जेरेमीने, एका मेलेल्या मुलीचं चुंबन घेतलं, तर ‘त्याचंही समजून घ्यायला हवं’ असं म्हणावं.

घरच्यांची फार चौकशी करू नये, ते तसेही टिकत नाहीत. आजी गेली पहिल्याच सीझनमध्ये. डेमनला त्याची लाडकी कॅथरीन थडग्यातून बाहेर काढायची होती, म्हणून म्हातारीने उरलंसुरलं बळ पणाला लावलं आणि त्या रात्रीच संपली. थडग्यात कॅथरीन नव्हतीच. आई ॲबी लहानपणीच सोडून गेलेली, ती तिसऱ्या सीझनमध्ये कुठे सापडते न सापडते तोच बेनेट घराण्यातली एक तरी चेटकीण मारण्याची गरज पडली. मग दोघा भावांनी नाणं उडवलं. नाणं! आणि डेमनने ॲबीला व्हँपायर केलं. बॉनीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. का यावं? त्याच भागात एलेनाचे डोळे पाण्याने भरलेले असतात आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर असतो. आपणही तिथेच बघावं.

आता जरा अवघड धडा. तिच्या मरणाची दखल कशी घ्यावी?

चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागात सगळी पोरं शाळेतून पास होऊन बाहेर पडली. त्याच गडबडीत जेरेमीला मेलेल्यांतून परत आणताना बॉनी मेली. एलेनाचा भाऊ बरं का, एलेनाचाच. आता ती दिसते-ऐकू येते फक्त जेरेमीला. तिने त्यालाच गळ घातली, कुणाला सांगू नकोस, आईबरोबर फिरायला गेले म्हणून सांग, त्यांची सुट्टी खराब नको व्हायला. आणि पोरगा उन्हाळाभर तिच्या नावाने मित्रमंडळींना निरोप धाडत बसला. मला सांगा, तुमची जिवाभावाची मैत्रीण अख्खी सुट्टी एक फोन करत नाही, नुसते मेसेज टाकते, तर तुम्ही काय कराल? आवाज ऐकव म्हणाल. व्हिडिओ कॉल लाव म्हणाल. ‘मेलीस की काय’ असं तरी म्हणाल! इथे कुणी म्हणालं नाही. एलेना डेमनच्या मिठीत, कॅरोलाइन कॉलेजच्या खोलीची सजावट ठरवण्यात गर्क. त्याच उन्हाळ्यात स्टीफन तिजोरीत बंद होऊन पाण्याखाली पडला होता, तर एलेनाला आतून काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं. त्याच्यासाठी वाटतं बरोबर. बॉनी मात्र त्यांच्या शेजारी उभी राहून आठवण काढत होती आणि एकीलाही उचकी लागली नाही. मग तिचा बाप, गावचा महापौर, भर चौकात लोकांसमोर मंचावर मारला गेला. सायलस नावाच्या खलनायकाने गळा चिरला. ती तिथेच होती, ओरडत होती, आणि ऐकायला कुणी नव्हतं. बाप मेला तरी मुलगी आली नाही, याचंही कुणाला नवल वाटलं नाही! पुढच्या सीझनचे आणखी भाग सरल्यावर केव्हातरी बातमी फुटली, मग जंगलात जमून सगळ्यांनी रीतसर डोळे पुसले. माझी बहीण त्या प्रसंगाला म्हणे, ‘काय सुंदर घेतलाय गं हा सीन!’

सुंदर घेतलाय. हो.

बरं, मेल्यावर तरी सुटका? छे. तिला ‘अँकर’ म्हणून परत आणलं. म्हणजे मेलेला प्रत्येक अलौकिक जीव तिच्यातून पलीकडे जाणार आणि जाताना त्याच्या मरणाची कळ तिच्या अंगातून निघणार. हे ऐकून मित्रमैत्रिणींनी काय केलं? कामाला लावली. बॉनी कॉलेजच्या पार्टीत उभी आहे, बोलता बोलता थांबते, एक हात भिंतीला टेकतो, चेहरा वेडावाकडा होतो, कुणीतरी तिच्यातून निघून जातं, आणि ती केस सावरून परत हसते. बॉनी साकारणारी कॅट ग्रॅहम हे असलं काम एकही वाक्य नसताना करून जाते. पण तेवढ्या वेळात दहा सेकंद दोनदा पुढे जाता येतं, त्यामुळे तुम्ही ते पाहिलं नसेल.

सहाव्या सीझनमध्ये ती 10 मे 1994 या एकाच दिवसात अडकली. तोच दिवस पुन्हा पुन्हा, आणि डेमन नि काई नावाचा एक खुनी सोडला तर अख्ख्या जगात दुसरं माणूस नाही. सुटकेची वेळ आली तेव्हा तिने डेमनला परत धाडलं आणि स्वतः मागे राहिली. मग वाढदिवसाला ती गॅरेजचं दार लावून गाडी चालू करून बसते, डेमनची बर्बन हातात, कॅमेऱ्यासमोर निरोप देते. मग शेवटच्या क्षणी ठरवते की नाही, जगायचं. आठ सीझनमधला माझ्या मते सर्वांत उत्तम प्रसंग हा आहे. या मालिकेत कुणालाच मरायची भीती नसते, परत येतातच सगळे. इथे पहिल्यांदा एक माणूस खरंच मरायला टेकलेलं आणि खरंच मागे वळलेलं दिसतं. आणि ती हे कुणासाठीही करत नाही. तिच्या वाट्याला आलेली ही एकच गोष्ट, बाकी सगळं दुसऱ्याच्या खाती.

यावर तुम्ही एखादी टीप लिहून घ्याल अशी वाट बघत असाल, तर पेन ठेवा खाली. मला यापुढे उपरोध जमत नाहीये.

मूळ पुस्तकांत बॉनी तांबड्या केसांची गोरी मुलगी होती. मालिकेने ती काळी केली, ते चांगलंच केलं. पण मग गोऱ्या मैत्रिणीसाठी मरणं, तिच्या भावासाठी मरणं, तिच्या बॉयफ्रेंडसाठी अडकून पडणं एवढंच काम त्या काळ्या मुलीला ठेवलं, आणि आठ वर्षं, 171 भाग आपण ते पोटात ढकलत पाहिलं. सहाव्या सीझनअखेर नायिका मालिका सोडून गेली, तर त्याचाही भार हिच्याच माथी. बॉनी जिवंत आहे तोवर एलेना मंत्राने झोपलेली राहणार! म्हणजे बाईने नुसता श्वास घेतला तरी कुणाचं तरी देणं चढतं. लेखकांना यापेक्षा बरं काही सुचलं नाही? एन्झो या व्हँपायरवर प्रेम केलं तिने, तर त्याचं काळीज स्टीफनने उपटून काढलं. त्याच स्टीफनचं मन वळलं की सगळं माफ.

आणि लेखकांचं सोडा, ते पगारी. तुमचं काय? तुम्ही वर्षानुवर्षं स्टीफन की डेमन, स्टीफन की डेमन करत भांडलात. दोघांनी मिळून तिची आई नाण्यावर लावली, ते तुम्हाला आठवतही नाही. शेवटच्या भागात अख्खं गाव जाळायला नरकाग्नी आला, तो बॉनीने मंत्र म्हणत उलटवला, आणि उशा ओल्या झाल्या मेलेल्या स्टीफनसाठी. हौतात्म्य त्याचं, काम हिचं. निदान खोटं तरी बोलू नका. ‘अंडररेटेड’ म्हणे! कुणी केलं तिला अंडररेटेड? आकाशातून पडलं? तीच आवडते असं सांगायचं आणि तिचीच दृश्यं ढकलायची, याला आवड म्हणत नाहीत. आणि पुन्हा कुणी मला विचारलं, एलेनाला शेवटी जाग कशाने आली, प्रेमाने ना, तर मी तिथल्या तिथे उठून घरी जाईन. बॉनीने उठवलं तिला. मंत्र म्हणून.