आपलाच बँड कसा वाजवून घ्यावा

समजा, तुम्ही ट्रम्पेट वाजवून पोट भरता. एका संध्याकाळी नेहमीच्या बारमध्ये जाता, तर तुमच्या खुर्चीच्या जागी एक ज्यूकबॉक्स उभा. नाणं टाकलं की वाजतो, बिडी प्यायला बाहेर जात नाही, उचल मागत नाही. आणि आतून ऐकू येणारा ट्रम्पेट तुमचाच! कधीतरी एका दिवसाच्या मजुरीवर स्टुडिओत वाजवून आला होता ना, तोच. आता गप्प बसू नका. संप करा. फक्त तो कसा करायचा, हे जाणकाराकडून शिकून घ्या.

जाणकार म्हणजे जेम्स सीझर पेट्रिलो. सीझर हे विरोधकांनी ठेवलेलं टोपणनाव नव्हे, खरंच नावात आहे. शिकागोचा गडी, तरुणपणी स्वतः ट्रम्पेट वाजवणारा, १९४० पासून अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष. त्याची मागणी अगदी रास्त होती, हे आधीच सांगून टाकतो. कंपन्यांनी प्रत्येक रेकॉर्डमागे थोडे पैसे बाजूला काढावेत आणि त्यातून बेकार वादकांना काम मिळावं. पण मागणी रास्त असली की निम्मं काम झालं, असं समजू नका. उरलेलं निम्मं बिघडवायला कौशल्य लागतं.

संप असा, की रेकॉर्डसाठी कोणी वाजवायचंच नाही. सर्वप्रथम मुहूर्त. १ ऑगस्ट १९४२. पर्ल हार्बरला जेमतेम आठ महिने झालेले, घरोघरची पोरं सैन्यात निघालेली. अशा वेळी संप केला की जनतेचं प्रेम कसं उतू जातं पाहा. तेवढ्यानेही समाधान होत नसेल, तर आधीच्या महिन्यात मिशिगनमधल्या इंटरलॉकेनच्या संगीत शिबिरातल्या शाळकरी मुलांचं रेडिओवरचं वादन बंद पाडा. पेट्रिलोने पाडलं.

कंपन्यांना मात्र भरपूर आगाऊ सूचना द्या. म्हणजे त्या शेवटच्या आठवड्यांत तुमच्याच माणसांना बोलावून रात्रंदिवस वाजवून घेतील आणि पुढची बेगमी करून ठेवतील. तुम्हीही जा वाजवायला, मजुरी बुडवू नका. शिवाय त्यांच्यापुढे तेव्हा भलताच पेच होता. रेकॉर्ड व्हायची शेलॅकची, म्हणजे लाखेची, आणि लाख यायची प्रामुख्याने हिंदुस्थानातून. युद्धामुळे सरकारने रेकॉर्डसाठीच्या लाखेला १९४२ च्या एप्रिलमध्येच कात्री लावली होती. नव्या रेकॉर्डी काढायला माल नाही आणि नेमके तेव्हाच तुम्ही म्हणता, आम्ही नव्या रेकॉर्डी वाजवणार नाही! पांडव लाखेच्या घरातून निसटले होते. हे बाहेरून आत शिरले.

आता मुख्य डाव. संपात कोणाला घ्यायचं नाही, हे नीट ठरवा. गायकांना अजिबात घेऊ नका. गळा हे काय वाद्य आहे? माउथ ऑर्गनलासुद्धा संघटना वाद्य मानत नव्हती. तोवर गायक म्हणजे बँडच्या ताटातली लोणच्याची फोड. लेबलवर बँडवाल्याचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरात गायकाचं. १९३९ साली हॅरी जेम्सच्या बँडबरोबर फ्रँक सिनात्रा नावाच्या पोराने एक गाणं म्हटलं होतं, 'ऑल ऑर नथिंग ॲट ऑल'. फारसं कोणी विचारलं नाही. संपात नवीन काही काढता येईना, म्हणून कंपनीने १९४३ मध्ये तीच रेकॉर्ड पुन्हा बाजारात आणली, या वेळी सिनात्राचं नाव मोठं करून. तडाखेबंद खपली. मग त्याला नव्याने स्टुडिओत उभं केलं आणि मागे वाद्यांच्या जागी माणसंच 'ऊऽ आऽ' करायला बसवली. तेही लोकांना आवडलं! बोहल्यावरून नवरीला उठवून करवली बसली आणि वऱ्हाडाने अक्षता टाकल्या. पुढे युद्ध संपलं, संप संपला, पण मोठ्या बँडना जुने दिवस दिसले नाहीत. सगळं खापर संपावर फोडता येणार नाही, पेट्रोलचं रेशनिंग होतं, वादक सैन्यात गेले होते, १९४४ मध्ये नाचगाण्याच्या क्लबांवर तीस टक्के करही बसला. तरीही पेट्रिलोचा हातभार विसरू नका.

याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबात जाझवाली काही मंडळी भलतंच वाजवत होती. त्यालाच पुढे बीबॉप म्हणू लागले. पियानोवर थेलोनियस माँक, ड्रमवर केनी क्लार्क, येऊनजाऊन ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर. चाल इतकी वेगवान आणि वळणं इतकी आडवळणी की नवशिक्याने मंचावर चढून फजितीच करून घ्यावी. वास्तविक असं फुकट वाजवलं की संघटना दंड ठोकायची. पण मालक हेन्री मिंटन स्वतः संघटनेचा जुना प्रतिनिधी, त्यामुळे तिथे कोणी पावतीपुस्तक घेऊन फिरकत नसे. तेव्हा नियम कडक करा, पण एक खिडकी उघडी ठेवा. क्रांती तिथूनच शिरते.

आणि क्रांतीचा पुरावा ठेवू नका. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गिलेस्पी आणि पार्कर शेजारी वाजवत होते, सारा व्हॉन गात होती. त्या बँडची एकही रेकॉर्ड नाही. अभ्यासक म्हणतात, संप नसता तरी कंपन्यांनी या पोरांना विचारलं नसतं. पोरांना नसेल, पण हाइन्स काही उपरा नव्हता, त्याच्या रेकॉर्डी संपाआधी नेमाने निघत. परिणाम असा, की रेकॉर्डवर विसंबून असलेल्या रसिकाने १९४२ मध्ये स्विंग, म्हणजे मोठ्या बँडचं नाचायला लावणारं जाझ, ऐकता ऐकता डोळा मिटला आणि १९४५ मध्ये मुद्रित झालेल्या पार्करच्या 'को-को'ने दचकून उघडला. मधला वर्गच बुडाला होता. काहींना ते आजही गोंगाट वाटतं, त्यांना हजेरीचं कारण सांगत चला.

सप्टेंबर १९४३ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने तडजोड केली आणि छोट्या कंपन्याही सह्या करू लागल्या. त्यांना परवडायची पाच-सहा जणांची टोळी आणि रॉयल्टी न मागणारी चाल. जुन्या गाण्याचे कॉर्ड, म्हणजे चालीखालचे एकत्र वाजणारे सूर, ठेवायचे, वर नवी चाल बसवायची. 'को-को'च्या पोटात 'चेरोकी' हे जुनं गाणं आहे. बीबॉपवाल्यांना हे आधीपासूनच येत होतं. बड्या कंपन्या, कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर, मात्र अडून बसल्या. १९४४ मध्ये खुद्द रूझवेल्टने तार करून विनंती केली. पेट्रिलोने राष्ट्राध्यक्षांना नकार कळवला आणि ११ नोव्हेंबरला दोन्ही कंपन्या शरण आल्या. जिंकलात!

आता जिंकल्यावर काय करायचं? तोच संप पुन्हा करा. कामगार संघटनांना वेसण घालणाऱ्या १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने रेकॉर्डमागच्या पैशांचा तो निधी संघटनेच्या हातून काढला, म्हणून १ जानेवारी १९४८ पासून दुसरा संप. त्या सप्टेंबरात ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने नऊ जणांचा ताफा घेऊन न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात एक थंड, मृदू संगीत वाजवलं, फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा घालून. स्टुडिओ बंद. संप १४ डिसेंबरला मिटला, ताफा जानेवारी १९४९ मध्ये स्टुडिओत गेला आणि त्यालाच पुढे कूल जाझ म्हणू लागले. दर संपामागे एक नवी शैली, हा हिशेब कोणत्याही संगीत अकादमीला जमलेला नाही.

एक राहिलंच. पेट्रिलो जंतूंच्या धास्तीने हस्तांदोलनाला पुढे करायचा फक्त करंगळी. तुम्हीही तेच करा. आपल्याकडे गोवर्धन उचलला तो करंगळीनेच, बाकीचे गोप नुसत्या काठ्या लावून उभे होते. तुमच्या काठ्या म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन. पर्वत हलला की त्या कुठे टेकवायच्या, तेवढं आधी ठरवून ठेवा.