काजळी नव्हे, कातडी

लोखंडी तवा घ्यायला निघालं की मराठवाड्यात पहिली अडचण येते ती भूगोलाची. दुकानदार विचारतो, "बिडाचा देऊ का साधा?" आणि बीडला तव्याचा कारखाना कधी निघाला, या विचारात गिऱ्हाईक दोन मिनिटं घालवतं. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांच्या वर. जड, आणि फरशीवर आपटलं तर पाटीसारखं फुटणारं. 'साधा' म्हणजे काळ्या पत्र्याचा. त्यालाच हल्ली कार्बन स्टील म्हटलं की किंमत वाढते. त्यात कार्बन एक टक्काही नसतो, आणि तो हातातून सुटला तर फरशी फुटते, तवा शाबूत राहतो. एक जिल्हा बीड, तिकडं नांदेडात एक तालुका लोहा. नकाशावर इतकं लोखंड असूनही तव्याला धिरडं चिकटलं की आपण दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतो. दोष त्याचा नसतो, तवा मुरवलेला नसतो, म्हणजे तापवून त्यावर तेलाचं पातळ, कडक कातडं चढवलेलं नसतं.

नवा तवा करडा, चकचकीत, देखणा दिसतो. त्यावर भुलू नये. ती चमक गंज लागू नये म्हणून चोपडलेल्या तेलाची असते, परदेशी बनावटीच्या काही तव्यांवर तर मेण असतं. आठवडी बाजारात लोहाराच्या पालावरून घेतलेल्या तव्यावर मेण नसतं, पण ठोकताना आलेली खपली आणि कोळशाची धूळ असते. हे सगळं काढायचं. कडकडीत पाणी, भांड्याचा साबण, तारेची घासणी आणि दहा मिनिटं अंगातला सगळा जोर. पाण्याचे थेंब गोळा न होता तव्यावर सारखं पाणी पसरलं की समजावं, मेण गेलं. तारेची घासणी या तव्याला आयुष्यात ही एवढी एकदाच. हे वाक्य घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणून ठेवावं, पुढं उपयोगी पडतं.

तवा माळ्यावरून काढलेला, गंजलेला असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात बुडवायचा. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यापुढं विसरलात तर आम्ल गंज संपवून लोखंडाकडं वळतं. चिंचेचा कोळ आणि जाडं मीठ यांनीही गंज निघतो, पण वेळ जास्त लागतो आणि चिंच वाया घालवली म्हणून दोन शब्द ऐकावे लागतात. धुतला की लगेच जाळावर. 'वाळेल आपोआप' म्हणून ओट्यावर ठेवला तर एक फोन घेऊन येईपर्यंत नारिंगी ठिपके उमटतात. आपलं बोअरचं पाणी तर वाळता वाळता क्षाराचे पांढरे गोलही काढून ठेवतं.

आता कोरडा तवा तापवायचा. पाच मिनिटं मध्यम आच, मग मोठी. इथं जरा उभं राहून बघावं, कारण सगळ्या खटाटोपात डोळ्यांना सुख एवढंच आहे. सव्वादोनशे अंशांच्या सुमारास तव्यावर कडब्याचा पिवळसर रंग चढतो. मग तपकिरी, मग पिकल्या जांभळाचा, आणि तीनशेच्या आसपास निळा, पैठणीच्या पदरावरच्या मोराच्या गळ्यासारखा. कुणी रंग लावलेला नसतो. लोखंडावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि तो जसा जाड होत जातो तसा त्यावरच्या उजेडाचा रंग बदलतो. हा थर गंजापासून थोडा आडोसा देतो आणि पुढच्या तेलाला धरायला जागाही देतो. पंचाईत अशी की गॅसच्या बर्नरवर मोर फक्त मधोमध नाचतो, कडा कोऱ्याच राहतात. म्हणून पक्कडीत धरून तवा दर दोन मिनिटांनी थोडा सरकवत कडा जाळावर आणायच्या.

घाईनं एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर सपाट बुडाचा पातळ तवा मधे फुगतो. मग तेल कडेला पळतं आणि मधे धिरडं कोरडंच करपतं. आपला खोलगट तवा त्या मानानं सोशिक. तापल्या तव्यावर पाणी ओतू नये, असं आजी सांगायच्या. त्यांचं कारण अशुभाचं होतं, लोखंडाचं कारण वेगळं आहे. एकदम आकसल्यानं ते वाकडं होतं. दोघांचं म्हणणं मात्र एकच.

यानंतरची परीक्षा तव्याची नसते, आपल्या दानतीची असते. पाहुण्याच्या वाटीत तर्री तरंगल्याशिवाय ज्यांचा जीव थंड होत नाही, त्यांना 'अर्धा चहाचा चमचा तेल' हे माप अपमानासारखं लागतं. दहा इंची तव्याला तेवढंच. तवा हाताला सोसेल त्याहून थोडा जास्त गरम असताना सुती फडक्यानं आतून, बाहेरून, कडेला, मुठीच्या रिव्हेटपर्यंत चोळायचं. मग दुसरं कोरडं फडकं घ्यायचं आणि चुकून सांडलं होतं असं समजून ते सगळं पुसून काढायचं. 'आता उरलंच काय' असं मनात आलं की आणखी एकदा पुसायचं. उरतं ते पुरतं. फडकं जुन्या धोतराचं असेल तर फारच चांगलं. टेरिकॉट वितळून तव्याला चिकटतं, टिश्यू पेपर तंतू सोडतो आणि ते तंतू तेलात कायमचे बसतात.

मग मोठी आच. धूर निघेल. तो निघून थांबेपर्यंत ठेवायचा, गॅस बंद करायचा, तवा गार होऊ द्यायचा, पुन्हा अर्धा चमचा. असं चार वेळा. माळवदाच्या घरात धूर जायला छताला साणं असायचं. फ्लॅटमधे धूर शेजारी जातो आणि काकूंना घेऊन परत येतो.

"अवं, काय जाळायलात हो?"

"काही नाही काकू, तवा तापवायलोय."

"मग एखादी भाकर तरी टाका की त्याच्यावर!"

यावर पटेल असं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. मुहूर्ताचं एक मात्र सांगता येईल. हे काम डिसेंबरात, हुरड्याच्या आसपास करावं. मे महिन्यात परभणीचा पारा 44 च्या पुढं गेलेला असताना जो तीनशे अंशांच्या तव्यापुढं उभा राहतो, त्याचा तवा मुरण्याआधी तोच मुरतो.

तेल कोणतं घ्यायचं, यावर मी हट्टी आहे. तेल कडक तापलं की त्याचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांचे हात धरतात, जाळं विणतात, आणि तेलाचं तेलपण संपून कडक, काळसर कातडं तयार होतं. हे सगळ्याच तेलांना सारखं जमत नाही. खोबरेल यात फार मागं, कारण त्यात हात धरायला मोकळे रेणू फारसे नसतातच. शेंगदाण्याचं तेल मध्यम. करडईचं मात्र पट्टीचं, त्यात असे हात धरणारं लिनोलिक आम्ल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं. चित्रकार पांढऱ्या रंगासाठी करडईचं तेल वापरत आले, ते वाळून कडक होतं आणि जवसाइतकं पिवळं पडत नाही म्हणून. ज्या मराठवाड्यात करडई घरोघर होती, ज्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी कुसुम' नावाचा तिचा वाण काढला, तिथली माणसं आज तवा मुरवायला कोणतं आयात तेल मागवावं हे मोबाइलवर शोधतात. करडईला काटे असतात हे मान्य. तेलाला नसतात.

जवसाच्या तेलाचा मधे फार बोलबाला झाला. त्याचं कातडं सगळ्यांत कडक होतं, आरशासारखं चमकतं, आणि महिनाभरात पापुद्रे सोडून धिरड्याबरोबर ताटात येतं. जवसाची चटणी करावी. ती कुठंही सोलपटत नाही.

तेल जास्त झालं तर काय होतं, हे नीट बघून ठेवण्यासारखं आहे. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतलं ओलंच राहतं. तव्यावर गुळाच्या कच्च्या पाकासारखे तांबूस ठिपके दिसतात, बोट लावलं की चिकटतं, आणि त्यावर पीठ, केस, मुंगी असं जे येईल ते मुक्कामाला राहतं. थर थोडा असेल तर पुन्हा मोठ्या आचेवर तापवून बघायचं. ओव्हन असेल तर तवा पालथा घालून 230 अंशांवर तासभर, पण आधी लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ काढायला विसरू नये. तरीही चिकट राहिला तर कडक पाण्यात धुण्याचा सोडा घालून सगळं काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. दानशूर माणसाला हा फेरा दोनदा तरी पडतो.

चार थर बसले की तवा काळा होत नाही, तपकिरी आणि डागाळलेला दिसतो. ते बरोबर आहे. काळा होतो तो रांधून. पहिल्यांदा त्यावर ऑम्लेट टाकून त्याची परीक्षा घेऊ नये, तो नापास होतो आणि आपणच खवळतो. आधी कांद्याची भजी, पुऱ्या, मग सढळ तेलावरचे धपाटे. इथं हात सैल सोडायला हरकत नाही, वर्षभराची हौस फेडून घ्यावी. धिरडं टाकण्याआधी अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तापल्या तव्यावर फिरवायचा. तेलाचा पातळ, सारखा थर देण्यात त्याचा हात धरणारं काही नाही. पाण्याचा शिंतोडा मारून बघा. तो चर्र करून जागीच मरत असेल तर तवा अजून पुरता तापला नाही, मोत्यासारखा पळत सुटला तर धिरडं टाकायला हरकत नाही. मोती फारच सैरावैरा पळायला लागले तर आच जरा कमी करावी.

भाकरीचा तवा मात्र वेगळा ठेवायचा. ज्वारीची भाकरी कोरड्या तव्याची, तिच्या पाठीवर पाणी फिरवलेलं. तेलाच्या तव्यावर ती नीट शेकत नाही, आणि पाणी, पीठ, कडक आच यांपुढं तेलाचं कातडं टिकत नाही. दोन तवे ठेवणारी जुनी माणसं खर्चिक नव्हती. आणि येसर आमटी, टोमॅटोचं सार, ताकाची कढी असलं आंबट त्यात उकळायचं नाही. आंबटानं थर सुटतो, आमटी काळी होते आणि तिला खिळा चाखल्यासारखी चव येते. 'लोह मिळतं' म्हणणारा पाहुणा त्या दिवशी नेमका जेवायला नसतो.

धुण्याचं तर सोपं आहे. गरम असतानाच जाडं मीठ टाकून फडक्यानं पुसलं तरी भागतं. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखाला याहून समजूतदार भांडं कोणतं मिळणार? अगदीच वाटलं तर दोन थेंब साबण, मऊ घासणी, जाळावर वाळवणं आणि तेलाचं बोट. साबणाची भीती जुन्या, सोडा असलेल्या साबणाची होती. भिजत मात्र ठेवू नका. नागपंचमीला तव्याला सुट्टी असते, त्या दिवशी घरात दिंडं होतात. सुट्टीआधी तेलाचा हात फिरवला नाही तर श्रावणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तांबूस मिशी फुटलेली असते.

खरा धोका पाण्याचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे. भांड्याच्या मावशींना काळा तवा म्हणजे स्वतःवरचा आरोप वाटतो. सहा महिन्यांचं कातडं त्या तारेच्या घासणीनं पंधरा मिनिटांत काढतात, तवा उजेडात धरतात आणि म्हणतात, "बघा ताई, केला का नाही चांदीसारखा?" त्यांना रागावता येत नाही, कारण तवा खरंच चांदीसारखा झालेला असतो. म्हणून तवा भांड्यांत ठेवू नये. पुसून खिळ्याला टांगावा, आणि खिळा मावशींचा हात पोचणार नाही इतका उंच ठोकावा.