‘डिलिव्हर्ड’ लिहिलं म्हणजे मिळालंच का?

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी मोबाइल वाजला. ‘आपलं पार्सल आपल्या हाती सोपवण्यात आलं आहे.’ मी तेव्हा दारापासून चार पावलांवर बसले होते आणि दार सताड उघडं होतं. आतल्या खोलीत बाबा झोपले होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले होते, हॉस्पिटलचा वॉकर डिस्चार्जच्या वेळी परत करावा लागला होता. त्या पार्सलमध्ये त्यांचा नवा वॉकर होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांना घरातल्या घरात चालवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

जिन्यात पाहिलं, खाली जाऊन पाहिलं, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारलं. पार्सल कुठेच नव्हतं.

चूक होऊ शकते, हे मला मान्य आहे. एवढी खोकी रोज एवढ्या हातांतून जातात, एखादं भलत्या दारी जाणारच. ही पोस्ट त्या चुकीबद्दल नाही. ‘चूक झाली आहे’ एवढं एक वाक्य समोरच्याच्या गळी उतरवायला मला पुढचे सव्वीस दिवस लागले आणि तरीही ते उतरलं नाही, त्याबद्दल आहे.

पहिली पायरी चॅटची. तिथे ठरलेले पर्याय होते: पार्सल कुठे आहे, ऑर्डर रद्द करायची आहे, वस्तू परत करायची आहे, पैसे कधी मिळतील. ‘तुम्ही मिळालं म्हणताय पण मला मिळालेलं नाही’ असा पर्याय नव्हता. ‘पार्सल कुठे आहे’ दाबलं की ‘ते आपल्याला मिळालं आहे’ असं उत्तर यायचं. मी सगळं सविस्तर टाइप केलं. उत्तर आलं, ‘मला समजलं नाही, कृपया खालीलपैकी एक निवडा.’ आणि पुन्हा तेच चार पर्याय. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम जगासमोर आणला. त्यालाही काही कळत नव्हतं, माणसाच्या वाक्यातले शब्द उचलून तो त्यांचाच प्रश्न करून परत द्यायचा. पण निदान माणसाला आपलं वाक्य बोलू तरी द्यायचा.

मग फोन. अडतीस मिनिटं मी ‘नेहमीपेक्षा जास्त कॉल येत असल्यामुळे’ हे वाक्य ऐकत होते. पुढच्या दिवसांत मी सकाळी, दुपारी, रात्री उशिरा, रविवारी, अशा सगळ्या वेळी फोन करून पाहिला. दर वेळी तेच वाक्य. या वाक्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण इतकी वर्षं मी ते खरं मानत आले.

फोनची रांग हा काही पावसासारखा आपोआप येणारा प्रकार नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ साली टेलिफोन कॉलच्या वर्दळीवर निबंध लिहिला आणि १९१७ साली रांगेची सूत्रं मांडली. तासाला किती कॉल येतात, एक कॉल सरासरी किती मिनिटं चालतो आणि उत्तर द्यायला किती माणसं बसली आहेत, एवढं हातात असलं की फोन करणाऱ्याला किती थांबावं लागेल याचा अंदाज बांधता येतो. कॉल सेंटरमध्ये किती माणसं लागतील हे ठरवताना आजही ही सूत्रं वापरतात. त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. उत्तर देणारी माणसं जवळजवळ पूर्ण वेळ गुंतलेली असतील, तर कॉल थोडेसे वाढले तरी रांग एकदम कितीतरी पट लांबते. म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास थांबावं लागत असेल, तर ते कुणीतरी आधीच हिशोब करून मान्य केलेलं आहे. माणसं कमी बसवून जो पैसा वाचतो, तो आपल्या वेळेतून वाचतो. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या उशाशी बसून, फोन स्पीकरवर ठेवून, आवाज बारीक करून मी ते थांबणं काढलं आहे.

सव्वीस दिवसांत मी सात जणांशी बोलले. सातही वेळा पहिल्यापासून. ऑर्डर नंबर, तारीख, पत्ता, ‘हो, मी घरीच होते’, ‘नाही, शेजारी दिलेलं नाही’. सातही जण नम्र होते. प्रत्येकाने क्षमा मागितली आणि प्रत्येकाने ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत’ असं सांगितलं. या मुलामुलींवर माझा राग नाही. एक कॉल सरासरी किती वेळात संपवला यावर त्यांचं काम मोजलं जातं, समोर स्क्रिप्ट असते, आणि अनेकदा पैसे परत करणं किंवा कुरियरला जाब विचारणं त्यांच्या अधिकारातच नसतं. पाचवी मुलगी मात्र वेगळी निघाली. ती म्हणाली, “मॅम, खरं सांगते, माझ्या स्क्रीनवर डिलिव्हर्ड दिसतंय. त्याच्या पलीकडे मला काही बघताही येत नाही आणि करताही येत नाही.” मी तिचे मनापासून आभार मानले. त्या सव्वीस दिवसांत ऐकलेलं ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य होतं.

आणि खरी गोम तिच्या त्या वाक्यातच आहे. पार्सल या क्षणी नेमकं कुठे आहे, हे त्या यंत्रणेला सहसा माहीत नसतं. ते शेवटचं कुठे स्कॅन झालं आणि स्कॅन करणाऱ्याने कोणतं बटण दाबलं, एवढंच तिला माहीत असतं. ‘डिलिव्हर्ड’ ही एका माणसाने घाईत केलेली नोंद आहे. ‘प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता’ हीसुद्धा तशीच नोंद. दिवसभर घरी बसून असा मेसेज आलेले लोक माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. पण ती नोंद एकदा स्क्रीनवर उमटली की ती पुरावा होते आणि आपण जे सांगतो तो ‘ग्राहकाचा दावा’ होतो.

मला सांगण्यात आलं, लोकेशन जुळतंय. मोबाइलचं जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण ४.९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाइतकं अचूक असतं, असं अमेरिकन सरकारच्या जीपीएसविषयीच्या संकेतस्थळावरच दिलेलं आहे. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ही अचूकता आणखी ढासळते. शेजारशेजारच्या दोन इमारतींतला फरक त्या ठिपक्याला सांगता येईलच असं नाही. मग सांगण्यात आलं, डिलिव्हरीचा फोटोसुद्धा आहे. तो फोटो मागायला चार फोन लागले, कारण तो ‘दुसऱ्या विभागाकडे’ होता. अकराव्या दिवशी आला. फोटोत वॉकरचं खोकं एका निळ्या दाराला टेकवून ठेवलं होतं. आमचं दार तपकिरी आहे. मी आमच्या दाराचा फोटो काढला, दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’

ते फोटो कुणी उघडलेच नसावेत. दोन दारांचे रंग बघायला दहा सेकंद लागतात.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. वस्तू मिळूनही ‘मिळाली नाही’ म्हणणारे, खोक्यात भलतंच काहीतरी भरून परत पाठवणारे लोक असतात. संशय घ्यावा, जरूर घ्यावा. पण संशय घेतला तर तपासही करावा लागतो. इथे संशय आहे आणि तपास नाही.

आता त्या डिलिव्हरीच्या मुलाबद्दल, कारण पोस्ट वाचून कुणीतरी त्यालाच शिव्या घालेल. तो मला भेटला. दुसरं पार्सल घेऊन आला होता. मी विचारलं तेव्हा त्याला तो दिवस आठवत नव्हता, कसा आठवेल? बऱ्याच ठिकाणी त्यांना पार्सलमागे पैसे मिळतात, लिफ्ट बंद असली तरी जिने चढायचेच, ग्राहकाने फोन नाही उचलला तर ती खेप फुकट. मी त्याला फोटो दाखवला. त्याने क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, “ताई, हे मागच्या इमारतीतलं दार वाटतंय.” मला घेऊन गेला. घराला कुलूप होतं. लोक महिनाभरासाठी बाहेरगावी गेलेले, आणि खोकं बाजूच्यांनी सांभाळून आत ठेवलेलं. एकविसाव्या दिवशी वॉकर सापडला तो असा. ज्याच्या हातून चूक झाली असावी त्याच माणसाने, कामाचा खोळंबा करून, ती सुधारली. आणि कंपनीकडे हे नोंदवायला त्याच्या ॲपमध्ये जागा नव्हती.

तोवर आम्ही भाड्याने एक वॉकर आणला होता. तो बाबांच्या उंचीला नीट बसत नव्हता, ते वाकून चालायचे. एका रात्री मी फोन ठेवला तेव्हा ते म्हणाले, “माझ्यामुळे तुला किती बोलावं लागतंय गं.” बाकी सगळं मी विसरेन, हे वाक्य मला विसरता येत नाही.

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. चौथ्या हक्काचा मूळ रोख सरकारी धोरणं ठरवताना ग्राहकाचा विचार व्हावा याकडे होता. पण मला आज त्याचा साधा, शब्दशः अर्थच सगळ्यात जवळचा वाटतो. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ साली ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, २०१५ साली त्यांत ऑनलाइन खरेदीचाही विचार झाला. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात तर स्वच्छ लिहिलंय की विक्रेता माल पाठवतो तेव्हा तो हरवण्याची जोखीम, ग्राहकाने तो प्रत्यक्ष ताब्यात घेईपर्यंत, विक्रेत्यावर असते (वाहतूकदार ग्राहकाने स्वतःच ठरवला असेल तर गोष्ट वेगळी). प्रत्यक्ष ताबा. स्क्रीनवरची नोंद नव्हे. नियम लिहिणाऱ्यांना हा फरक कळला होता.

माझ्यावरून काही शिकायचं असेल तर एवढं करा. फोनवर बोलणं झालं तरी तेच लगेच ईमेलवर लिहून पाठवा, तारीख-वेळ-तक्रार क्रमांकासह. ट्रॅकिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट तेव्हाच घ्या, नोंदी नंतर बदलतात. डिलिव्हरीचा फोटो पहिल्याच दिवशी मागा. महागाची वस्तू असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. आणि खोकं हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नका, खाली गेटवरून कुणी कितीही घाई केली तरी. कार्डने पैसे भरले असतील तर ‘माल मिळाला नाही’ म्हणून बँकेकडेही व्यवहारावर हरकत नोंदवता येते, पण त्याला मुदत असते. ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तास’ ऐकत ती मुदत उलटू देऊ नका.

सव्विसाव्या दिवशी मला ईमेल आला. ‘विशेष बाब म्हणून, सदिच्छेपोटी’ माझे पैसे परत देण्यात येत आहेत. मी उत्तर लिहिलं की वॉकर मला सापडला आहे, बाबा तो वापरताहेत, त्यामुळे पैसे नकोत. मला एवढंच हवं आहे की चार वाजून बारा मिनिटांनी तो माझ्या हाती दिला ही नोंद चुकीची होती, हे तुमच्या दप्तरी लिहा, आणि ज्या मुलाने तो शोधून दिला त्याच्या नावावर त्याचं श्रेय लिहा. उत्तरादाखल पैसे आले. नोंद होती तशीच आहे. तक्रार ‘निकाली’.

बाबा आता वॉकरने गॅलरीपर्यंत जातात, ताठ उभं राहून. त्यांची सकाळची फेरी झाल्यावर मी ती तक्रार आज पुन्हा उघडली आहे, पाचव्यांदा. दोन्ही दारांचे फोटो पुन्हा जोडलेत.