एकच सेमिस्टर राहिलंय तिचं

आज स्टाफरूममध्ये पुन्हा तेच ऐकलं, ऑनलाइनने दोन वर्षं पोरांचं वाटोळं केलं. दरवेळी गप्प बसते, आज लिहितेच.

माझ्या वर्गात काबूलची एक मुलगी होती. 2019 ला एफवायला आली, लॉकडाऊनमध्ये हॉस्टेल रिकामं करायला लावलं आणि विमानं सुरू झाल्यावर ती घरी गेली. एसवायचं सगळं वर्ष तिकडून. आमचं साडेसातचं लेक्चर म्हणजे तिच्याकडे सकाळचे साडेसहा, तरी सगळ्यात आधी हीच जॉइन. माइक चालू केला की मागे जनरेटरची घरघर. लाइट गेली की चॅटमध्ये "मॅम, पाच मिनट" आणि मग मोबाइलवरून परत हजर. पुण्यात शिकलेलं "चालेल" प्रत्येक वाक्यात घालायची.

त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला काबूल युनिव्हर्सिटीत बंदूकधारी घुसले, वीसच्या वर जीव गेले, बहुतेक विद्यार्थीच. दुसऱ्या दिवशी ही लेक्चरला होती. मला काही बोलायलाच सुचलं नाही, हजेरी घेतली आणि शिकवायला लागले.

मग 15 ऑगस्ट 2021, तालिबान काबूलमध्ये. दहा दिवसांत आपल्या सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधीचे सगळे व्हिसा रद्द केले, तिचाही गेला. टीवाय सुरू झालं तेव्हा मीटवर तिच्या नावाच्या जागी नुसतं एक अक्षर, डीपी काढलेला, भीतीच तेवढी होती हो. आणि आमच्या ऑफिसने काय करावं? शीटवर नाव जुळत नाही म्हणून दोन महिने तिची गैरहजेरी लावली! तीनदा अर्ज केला तेव्हा कुठे दुरुस्त झालं.

2022 ला कोरोना ओसरला आणि परीक्षा ऑफलाइन. सहाव्या सेमला तिने पुण्यात यायचं. कसं यायचं? व्हिसा नाही, आणि तिकडे घरातला पुरुष सोबत असल्याशिवाय बाईला 72 किलोमीटरच्या पुढे न्यायचं नाही असा आदल्या डिसेंबरपासून फतवा. मी म्हटलं ऑनलाइन घ्या, नाहीतर तोंडी घ्या, तर म्हणे एकीसाठी नियम बदलता येत नाही. अहो, कोरोनात सगळ्यांसाठी बदललाच होता की!

20 डिसेंबर 2022 ला तालिबानने मुलींना युनिव्हर्सिटीच बंद केली, म्हणजे तिकडे पहिल्यापासून सुरू करायची वाटही गेली.

फोन नसलेल्या खेड्यातल्या पोरांचं नुकसान झालंच, मी कुठे नाही म्हणतेय. पण या मुलीचं कॉलेज म्हणजे ती एक लिंक होती आणि ती तालिबानच्या आधी आम्ही बंद केली, हे मला आजही झोपू देत नाही.

तिच्या पाच सेमच्या मार्कशीट माझ्या कपाटात आहेत, पीआरएन नंबर आहे. कुणाच्या कॉलेजात अशी केस मार्गी लागली असेल, परीक्षा विभागात कुणी ओळखीचं असेल तर प्लीज इनबॉक्स करा. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा मेसेज आलाय, "मॅम, कुछ हुआ क्या?"