एल म्हणजे लॅपटॉप म्हणे!

पुन्हा एकदा कोणी मला "मॅडम, नया ले लो" म्हणालं ना, तर हा सव्वादोन किलोचा लॅपटॉप मी त्याच्या काउंटरवर आपटणार आहे. लॅपटॉपला काही होणार नाही. काचेची हमी देत नाही.

मागणं तरी काय होतं माझं? २०१३ साली घेतलेलं यंत्र. तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ३२३०एम. रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी, ४ जीबी. ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. यावर गेली बारा वर्षं मी घरबसल्या मराठी डीटीपी, म्हणजे छपाईची पानं लावायचं काम, करते. इंदूरच्या रामबागेतल्या, राजेंद्रनगरातल्या लग्नपत्रिका, गणपती मंडळांच्या स्मरणिका, आणि एका निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र, जे गुरुजी लिहितात, मी लावते आणि मग गुरुजीच खोडतात. अलीकडे सुरू होऊन कामाला लागायला हा लॅपटॉप सात मिनिटं घ्यायचा. तेवढ्यात माझा चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा. म्हटलं रॅम वाढवू, फिरत्या डिस्कच्या जागी न फिरणारी एसएसडी टाकू. दोनच वस्तू. स्कूटरचे टायर बदलायला गेलं तर कोणी स्कूटर विका म्हणतं का?

आरएनटी मार्गावरच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. दुकानाचं नाव घेत नाही, सगळे एकाच माळेचे मणी. काउंटरवरच्या पोरानं लॅपटॉप उलटा करूनसुद्धा पाहिला नाही. झाकण उघडलं, स्टिकर वाचलं, झाकण मिटलं. "तेरा का मॉडल है? इसमें कुछ नहीं होगा मॅडम. नया ले लो." अरे बाबा, निदान नाडी तरी बघ! डॉक्टरसुद्धा माणसाला तपासल्याशिवाय गेला म्हणत नाही.

मी म्हटलं, खालचं झाकण काढ, आत रॅमचे दोन स्लॉट आहेत, एक रिकामा आहे. शेजारच्या काकूंनी एकाएकी बायपास कशी करतात ते सांगायला घ्यावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. मग ड्रॉवरमधून एक रॅम काढली. डीडीआर४, माझ्या यंत्राच्या पुढच्या पिढीची! म्हणे "लगा के देखते हैं." काय लगा के देखते हैं? डीडीआर४ च्या पट्टीला २६० पिना, माझ्या डीडीआर३ ला २०४. मधली खाच दोघींची वेगळ्या जागी. ती खाच मुळात तुझ्यासारख्यांनी नको तिथे नको ते ठोकून बसवू नये म्हणूनच ठेवलेली असते, राजा.

मग एकदाची डीडीआर३ निघाली. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं 'पीसी३एल-१२८००एस'. मी मुद्दाम विचारलं, हे एल कशाचं? पोरगा म्हणाला, आणि पापणीसुद्धा लवली नाही त्याची, "एल मतलब लॅपटॉप."

एल मतलब लॅपटॉप!

एल म्हणजे कमी व्होल्टेज. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ वर. एलवाली दीडवरही चालते, म्हणून माझ्या यंत्रात ती बसवली तर काही बिघडत नाही. पण चौथ्या-पाचव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपांना एलच लागते, बिनएलची टाकली तर कित्येक सुरूच होत नाहीत. आता विचार करा, २०१४ चा लॅपटॉप घेऊन कोणी बापडा याच्याकडे आला, यानं हाताला लागेल ती पट्टी ठोकली, पडदा काळा राहिला, की हा काय सांगणार? "मदरबोर्ड गया. नया ले लो." लॅपटॉपच्या मापाची पट्टी असल्याचं सांगणारं अक्षर वेगळंच आहे, सगळ्यात शेवटचं, एस. आणि १२८०० म्हणजे १६०० गुणिले ८, सेकंदाला इतके मेगाबाइट. एवढ्याशा कागदावर सगळी जन्मपत्रिका छापलेली असते. रोज शंभरदा हातात धरतोस, एकदा वाच की!

बरं, ४ जीबीची ती पट्टी अकराशे रुपये मोजून घेतली. त्यानं बसवली, लॅपटॉप चालू केला. पडद्यावर आलं: रॅम ८ जीबी, पैकी वापरण्याजोगी ३.४६. पोरगा विजयी मुद्रेनं म्हणाला, "देखा? आपका मदरबोर्ड इतना ही पकडता है." आणि मला खरा राग माझा येतो, की मी ते ऐकून घेतलं. मान हलवली, रिक्षात बसले, घरी आले. आमचे हे म्हणाले, "मी सांगत होतो." हे काय सांगत होते ते मला आजवर कळलेलं नाही, पण प्रत्येक वेळी ते सांगतच असतात.

रात्री जेवणं झाल्यावर पुन्हा तोच पडदा उघडला. रॅमच्या ओळीखालीच स्वच्छ लिहिलेलं होतं: ३२ बिट.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षांपूर्वी याच दुकानात फॉरमॅट करून आणला होता आणि परत देताना सांगितलं होतं, "हल्कावाला विंडोज डाल दिया है, मॅडम." हे ते हलकं! ३२ बिटांत रॅमच्या कप्प्यांचे पत्ते बसतात एकूण ४,२९,४९,६७,२९६, एका पत्त्याला एक बाइट. म्हणजे नेमके ४ जीबी, वर एक बाइट नाही. त्यातूनही ग्राफिक्स आणि इतर भाग आपापला वाटा काढून घेतात, उरतात साडेतीनच्या आत-बाहेर. मग खाली ८ लावा नाही तर १६, दिसणार तेवढीच. मदरबोर्डचा काडीचा दोष नाही. धडधाकट माणसाला लहानपणीचा सदरा चढवायचा आणि वर त्यालाच सांगायचं, अंग सुजलंय हो तुमचं! ६४ बिटचं विंडोज त्याच परवान्यावर चालतं, वेगळा पैसा पडत नाही. फक्त नव्यानं टाकावं लागतं.

आणि त्या फॉरमॅटची जखम तर अजून ओली आहे. "डेटा सेव कर दिया" म्हणाला होता. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ठेवले, बाकी सगळं साफ. माझे जुने फॉन्ट, युनिकोडच्या आधीचे, रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरं दाखवणारे, वर्षानुवर्षं जमवलेले, सगळे स्वाहा. दुसऱ्या दिवशी गुरुजींचं आत्मचरित्र उघडलं तर 'माझे बालपण' या मथळ्याच्या जागी रोमन अक्षरं, दोन कंस आणि डॉलरचं चिन्ह. ज्यांनी ते जुने फॉन्ट वापरलेत त्यांना कळेल, पोटात कसा गोळा येतो ते. तीन दिवस एका जुन्या छापखानेवाल्यांच्या सीड्या धुंडाळत होते.

मग ठरवलं, आता याच्या हातात यंत्र द्यायचंच नाही. स्टारचा छोटा पेचकस आणला, जेवणाच्या टेबलावर जुना पंचा अंथरला, आधी बॅटरी काढून ठेवली (हो, काढता येते, मागची खिट्टी सरकवली की येते हातात, नव्या लॅपटॉपांत करून दाखवा), आणि खालचं झाकण उघडलं. दोन स्क्रू. फक्त दोन! रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्यांना नखानं बाहेर ढकललं की पट्टी टुणकन तिरकी उभी राहते, सुपारीच्या डब्याच्या झाकणासारखी. नवी तशीच तिरकी घालायची, दाबायची, टक्‌ असा आवाज आला की बसली. मुलाला पाटीवर अ काढायला शिकवणं याहून अवघड. हार्ड डिस्कच्या कडेला शेव निघाली. बारीक, लवंगेची. इंदूरच्या घरातलं यंत्र असल्याची तेवढी खूण हवीच.

या सगळ्यात लॅपटॉपची कंपनीही काही कमी नाही. तिच्या पत्रकात लिहिलंय, रॅम कमाल ८ जीबी. प्रोसेसर बनवणाऱ्यांच्या माहितीत याच ३२३०एम पुढे कमाल ३२ लिहिलंय. स्लॉट दोन आणि या पिढीला चालणारी सगळ्यात मोठी पट्टी ८ ची, म्हणजे १६ पर्यंत जायला हरकत काय? पैसे बुडाले तर बुडाले म्हणत ८ च्या दोन मागवल्या. आता विंडोज ६४ बिटचं आहे, आणि हे लिहिते आहे त्या क्षणी पडद्यावर १६ दिसतात आणि १६ वापरात आहेत. मग ते ८ कशासाठी छापलं होतं? त्या एका आकड्यापायी किती चांगली यंत्रं भंगारात गेली असतील, मोजदाद कोण ठेवणार.

एसएसडीचीही तीच तऱ्हा. दुकानात एनव्हीएमई जातीची एसएसडी दाखवत होता, "ये सबसे फास्ट है." असेल बाबा, पण तिच्यासाठी माझ्या यंत्रात जागाच नाही. अडीच इंची, साटा जोडणीची हवी. साटाची ६ गिगाबिटची वाट, सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटपर्यंत मिळतात, माझ्या लग्नपत्रिकांना तेवढे रग्गड. मुख्य फरक वेगळाच आहे. जुनी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती फाइल सुईखाली यायची वाट बघायची, वर ती सुई सरकायची वाट बघायची, आणि विंडोज सुरू होताना हे हजारो वेळा. एसएसडीत फिरणारं काही नाहीच. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात तयार असतो आणि चहाला आधणसुद्धा आलेलं नसतं.

हे मोठ्या कौतुकानं मुलाला फोनवर सांगितलं. तो बंगळुरात. "अगं आई, टाकून दे ना तो डबा. विंडोज ११ चालणार नाही त्यावर." खरं आहे त्याचं. ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, माझ्याकडे दोन्ही नाही. माझ्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पुढचं एक वर्ष सुरक्षेचे अपडेट वेगळी नोंदणी करून मिळतात, त्यानंतर इंटरनेटच्या कामापुरतं विंडोजऐवजी लिनक्स टाकीन. पण मला सांगा, आतलं सगळं ठणठणीत असताना केवळ जन्मसाल बघून दारातून परत पाठवायचं, याला काय म्हणावं? चिरंजीव पुढे म्हणाले, "आपल्याकडे कचऱ्याच्या गाडीला ई-वेस्टचा वेगळा डबा आहे की." आहे ना! २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर काढणारं आमचं शहर, सहा प्रकारचा कचरा घरात वेगळा करतो आम्ही. म्हणून काय चालतं यंत्र त्यात टाकायचं? पंचकुइयाचं स्मशान जवळ आहे म्हणून कोणी जिवंत माणूस नेऊन ठेवतं का?

आणि कशासाठी टाकायचं, तर त्याच दुकानातल्या त्या काचेआडच्या बेचाळीस हजारांच्या चकचकीत, वहीसारख्या लॅपटॉपसाठी. मी विचारलं होतं, रॅम किती? "आठ." स्लॉट किती? "स्लॉट नहीं है, मॅडम. रॅम बोर्ड पे ही चिपकी हुई है." मग पुढे वाढवायची तर? "बढाने की जरूरत ही नहीं पडेगी." माझ्या बारा वर्षांच्या म्हातारीत १६ बसतात, आणि हा मला बेचाळीस हजारांत जन्मभरासाठी ८ देतोय. वर म्हणे अपग्रेड!

आता राहिलं शेवटचं. जुनी ५०० ची डिस्क वाया का घालवा, म्हणून डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या जागी बसणारी कॅडी, म्हणजे डिस्क ठेवायची चौकट, घ्यायचं ठरवलं. ऑनलाइनवालीला आठवडा लागणार होता आणि गुरुजी घाई करत होते, म्हणून नाक मुठीत धरून परत त्याच दुकानात गेले. ड्राइव्ह सोबत नेला होता. काउंटरवर ठेवून सांगितलं, ही ९.५ मिलिमीटरची आहे, याच जाडीची दे. त्यानं दिली. बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. घरी येऊन सरकवते तर तोंडाशीच अडली. मोजली: १२.७. मी डीटीपीवाली बाई, मला मिलिमीटरपेक्षा पॉइंट लवकर कळतात. १२.७ म्हणजे अर्धा इंच, म्हणजे ३६ पॉइंट. माझी खाच २७ ची. मथळा आणि उपमथळ्यातला फरक मला डोळ्यांनी कळतो, यांना हातात धरून कळत नाही!

फोन केला. "बिका हुआ माल वापस नहीं होता. थोडा घिस लो ना, मॅडम. कानस से."

कानस से!

उद्या अकराला दुकान उघडतं. मी पावणेअकरालाच पायरीवर बसणार आहे, कॅडी, ड्राइव्ह आणि माझी पॉइंटची पट्टी घेऊन. गुरुजीही यायचं म्हणतायत. त्यांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलंय.