सशाला दोन फुटी पिंजरा पुरत नाही, आणि बाल्कनी तर नकोच

मे महिन्याची सुट्टी लागली, पोरांनी ससा पाहिजे म्हणून हट्ट धरला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरायला लागतो, गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सगळीकडच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: दोन बाय दीड फुटी लोखंडी पिंजरा घ्या, तळाला जाळी असलेला, म्हणजे लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात. तो बाल्कनीत ठेवा, घरात वास येत नाही. ससा रानातलाच प्राणी, त्याला ऊन-पावसाचं काही नाही. बाहेर सोडू नका, घर कुरतडतो. आणि एकच घ्या. यातलं बहुतेक सगळं चुकीचं आहे आणि यापायी ससे मरतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी जाळीचा तळ. कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली गादी असते, सशाला ती नसते, नुसती केसाळ कातडी. तारेवर बसून बसून केस झडतात, कातडी लाल होते, मग फुटते आणि जखम चिघळली तर हाडापर्यंत जाते. दुसरं म्हणजे ससा कडक लेंड्यांशिवाय मऊ, द्राक्षाच्या घडासारखी विष्ठाही टाकतो आणि ती लगेच खातो, त्यातून त्याला बी जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. घाण सवय नाही ती, त्याची पचनाची रीतच तशी आहे, आणि जाळीतून ते सगळं खाली पडतं. म्हणून तळ सपाटच हवा. आपल्याकडच्या टाइल्स गार असतात पण पाय घसरतात, त्यावर जुनी सतरंजी टाका. वासाचं म्हणाल तर ससा बहुतेक वेळा आपणच एक कोपरा धरतो, तिथे ट्रे ठेवा, खाली कागद, वर सुकं गवत, कारण खाता खाता शी करायची त्याची सवय असते. मांजराची गोळा होणारी वाळू मात्र नको, पोटात गेली तर अडकते.

आता रानातला प्राणी. सत्तरी तालुक्याच्या रानात दिसतो तो ससा वेगळा, तो बीळ खणत नाही, गवतात दबून बसतो आणि कायद्याने तो पाळताही येत नाही. घरात आणतो त्या सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. त्याला गारवा आणि काळोख लागतो, घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून जाते. पारा 28 च्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी 33-34 असतो, वर ही दमट हवा! पश्चिमेच्या बाल्कनीत लोखंडी पिंजऱ्यात बसलेला ससा उन्हातून पळणार कुठे? लाइट गेली तर पाण्याची बाटली बर्फ करून कापडात गुंडाळून जवळ ठेवा. आणि पावसाळा! वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस, गवताला बुरशी येते, मागचे केस ओले-घाण राहिले की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. भटकी मांजरं, उंदीर आणि उंदरांच्या मागे साप, हे वेगळंच. मांजराने नुसतं जाळीला नाक लावलं तरी घाबरून ससा मेल्याचं होतं. म्हणून घरातली आतली खोली, खिडकीला अर्ध्या इंची वेल्डेड जाळी, मोरीच्या तोंडालाही. कोंबड्यांची षटकोनी जाळी ससा कुरतडतो आणि कुत्रा फाडतो, ती घेऊ नका.

दोन बाय दीड फुटांत ससा धड उभाही राहू शकत नाही. ब्रिटनची रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड दोन सशांसाठी 3 बाय 2 मीटर आणि 1 मीटर उंच जागा सांगते. आपल्या 1960 च्या प्राण्यांवरच्या क्रूरतेच्या कायद्यातही, प्राण्याला हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. फ्लॅटमध्ये एवढी जागा कुठून काढायची हे मला कळतं, पण कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतात ती 36 इंची लोखंडी पॅनल्स जोडून खोलीचा एक कोपरा बंद करता येतो, वरून जाळी टाका कारण ससा अडीच-तीन फूट सहज उडी मारतो, आणि आत दोन दारांचा खोका ठेवा, घाबरला की लपायला आणि दुसरीकडून निघायला.

घर कुरतडतो हे मात्र खरं. दात आयुष्यभर वाढतात, कुरतडणारच तो. म्हणून वायरी पीव्हीसी पाइपात घाला किंवा उंचावर घ्या आणि गवत कायम समोर ठेवा. गवत म्हणजे भाताचा पेंढा नाही हं, त्यात काही सत्त्व नसतं. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, तीही रोज नको, ऑक्झलेट जास्त असतं.

एकच ससा घ्या हे सगळ्यात वाईट सांगणं, ससा कळपातला प्राणी आहे, एकटा पडला की सुस्त होतो. जोडी ठेवा, पण नसबंदी करून, कारण मादी साधारण 31 दिवसांत पिल्लं देते आणि लगेच परत गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाल्यावरही चार ते सहा आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, तेवढे दिवस दोघांच्या मध्ये जाळी राहू द्या, एकमेकांचा वास घेता येईल एवढी जवळ.